म्मा-मोकगादीची तार

"आत यायचं नाही!"

फुती गेटच्या गजांमागे दोन्ही हात पसरून उभा होता. एवढं मोठं सरकतं लोखंडी गेट जणू कमीच पडत होतं!

बाहेर मोकगादी खांद्यावर टॉवेल टाकून उभी होती. डिसेंबरच्या सुट्टीचा आज पहिला दिवस. इथे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा; पोलोक्वानेत सकाळी नऊलाच ऊन मी म्हणत होतं. मोरुला कोर्ट वसाहतीच्या पोहण्याच्या तलावात दुपारपर्यंत डुंबायचं हे तर शेवटच्या पेपराच्या दिवशीच ठरलं होतं. फुती तिथेच, नऊ नंबरच्या घरात राहायचा.

"नाटकं पुरे झाली, फुती. उघड गेट. सेलाएलो वितळायला लागलाय."

"मी नाही वितळत," तिचा दहा वर्षांचा भाऊ आंबा चोखत म्हणाला. "आंबा संपला की वितळेन."

एरवी फुती खो-खो हसला असता. आज त्याचे डोळे लाल होते.

"तुझ्या आईच्या तारेने माझ्या बहिणीचं कपाळ फोडलं," तो म्हणाला. "तीन टाके पडलेत तेबात्सोला! चार वर्षांची आहे ती!"

मोकगादीच्या खांद्यावरून टॉवेल घसरला. "काय बडबडतोयस?"

"काल पाळणाघराची मिनीबस गेटच्या रेषेवर थांबली होती. पुढे कुणाची तरी गाडी आडवी होती म्हणून. आणि गेट सुरू झालं! सरळ बसवर आदळलं. काच फुटली. खाली तार आहे, गाडी असली की गेट थांबतं म्हणे! तुझ्या आईनेच सांगितलं होतं ना? कुठे थांबलं?"

"आईची तार खोटं बोलत नाही!"

"मग माझ्या बहिणीचे टाके खोटं बोलतात का?"

मोकगादीने मदतीसाठी पहारेकऱ्यांकडे पाहिलं. न्ताते मालेसेला, म्हणजे मालेसेलाकाका, म्हातारे, प्रेमळ. एरवी तिला लांबूनच हात करायचे. आज ते खाली बघत होते. त्यांच्या खोलीच्या काचेवर एक कागद चिकटवला होता. जाड काळी अक्षरं:

'म्मा-मोकगादी हिचे काम निकृष्ट आहे. तिला व तिच्या माणसांना या गेटातून आत सोडू नये. – रामोशाबा, अध्यक्ष.'

मोकगादीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती जन्मली त्या दिवसापासून आईचं स्वतःचं नाव कुणी घेतलंच नव्हतं. सगळ्या वस्तीची ती म्मा-मोकगादी, मोकगादीची आई. आईच्या पिकअप गाडीच्या दारावरही तेच नाव रंगवलेलं. म्हणजे आई तर बदनाम झालीच, पण त्या कागदावर मोकगादीचं स्वतःचं नावही निकृष्टच्या शेजारी बसलं होतं!

"शनिवारी दहा वाजता सभा आहे, पोरी," न्ताते मालेसेला हळूच म्हणाले. "या रस्त्यावरच्या सगळ्या वसाहतींना पत्र धाडणार आहेत. तुझ्या आईला कुणी गेटाचं काम देऊ नये म्हणून."

मोकगादीने टॉवेल उचलला, झटकला आणि पाठ फिरवली. जाताना तिचा पाय गेटपुढच्या नव्याकोऱ्या लाल विटांना अडखळला. रागात तिने त्या विटेलाच एक लाथ हाणली. लागलं तिलाच.

आई मागच्या अंगणात होती. दोन तारांची टोकं ड्रिलच्या तोंडात अडकवून ती त्यांना पीळ भरत होती. तारा सैल राहिल्या की शेजारच्या तारांशी गप्पा मारतात आणि गेट बावचळतं, असं तिचं म्हणणं.

"आई! तुला माहितीये तिथे काय लिहून लावलंय?"

"माहितीये." ड्रिल थांबलं. "तेबात्सो झोपलीय का? ताप नाही ना आला?"

"तू तिचं विचारतेस? अगं, ते तुला चोर ठरवतायत! तू भांडत का नाहीस?"

"मी काल तीनदा फोन केला. म्हटलं, मी येऊन बघेपर्यंत गेट उघडंच बांधून ठेवा. त्यांनी तिन्ही वेळा फोन आपटला." आईने पिळलेल्या तारेवरून बोट फिरवलं. "गेटबाहेर उभं राहून भांडलं ना, की लोक भांडण बघतात. गेट कोणी बघत नाही."

"म्हणून गप्प बसायचं?"

"गप्प नाही. विचार करायचा. बस इथे."

मोकगादी बसली, पण हाताची घडी घालून.

आईने काठीने मातीत चौकोन काढला. "ही गेटची रेषा. इथे फरशीत दोन बोटं खोल खाच कापते मी. कोपरे तिरके कापते, नाहीतर काटकोनात तार घासून तुटते. मग तीन वेढे देऊन तार बसवते, वरून डांबर भरते. तार वरच्या लोखंडाचा सुगावा घेते. गाडीचं पोट वर आलं की तिला कळतं आणि गेट थांबून राहतं. गाडी हलेपर्यंत. दिवसभर उभी राहिली तरी."

"आणि गाडी उंच असली तर?" सेलाएलोने विचारलं.

"उंच गाडीचं पोट लांब असतं, पण तार चांगली असली की तेही कळतं. त्या गेटाचं काम करून चौदा महिने झाले. चौदा महिने थांबलं ते. मिनीबसलाही रोज थांबत होतं." आई उठली. "मग परवापर्यंत थांबणारं गेट काल का नाही थांबलं? तिथे काहीतरी बदललंय. काय बदललं, ते मला आत जाऊन बघू देत नाहीत."

आई आत गेली. मोकगादी मातीतल्या चौकोनाकडे टक लावून बघत राहिली.

"सेलाएलो," ती म्हणाली, "आईला आत जायला बंदी आहे. रस्त्यापलीकडे बसायला कुणाची बंदी आहे?"

"तिथे मागविन्या तळणारी आजी बसते," सेलाएलो लगेच म्हणाला. "मी तयार आहे!"

गुरुवारी सकाळी दोघं रस्त्यापलीकडच्या गवतात ठाण मांडून बसली. मोकगादी ताठ बसून गेटवर नजर रोखून होती. सेलाएलो पालथा पडून गरम मागविन्या, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, खात होता. तेलकट बोटं गवताला पुसत होता.

मोरुला कोर्टसमोरचा रस्ता वर्दळीचा. बाहेर पडणारी प्रत्येक गाडी वाट मिळेपर्यंत गेटच्या रेषेवर थांबायचीच. गेट उघडल्यावर पंधरा आकडे मोजायचं आणि आपोआप बंद व्हायला निघायचं. तार सांगेल तरच थांबायचं.

पहिली आली एक निळी छोटी गाडी. मोकगादीने आकडे मोजले. पंधरा झाले. वीस झाले. तीस! गेट जागचं हललं नाही.

"थांबलं की!" ती पुटपुटली.

मग गॅसच्या टाक्यांची पिकअप आली. तेरा, चौदा, पंधरा... घर्रर्र! गेट निघालं!

"अरे, अरे!" न्ताते मालेसेला धापा टाकत धावले आणि बटण दाबून धरलं. गाडीला हातभर अंतर राहिलं असेल.

पांढरी छोटी गाडी आली. गेट थांबलं. फर्निचरचा ट्रक आला. गेट निघालं, न्ताते मालेसेला पुन्हा धावले. बिचाऱ्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. तिकडे न्ताते रामोशाबा आपल्या अंगणात छत्रीखाली बसून थंड काहीतरी पीत होते. कमाल आहे की नाही या माणसाची!

"कधी थांबतं, कधी नाही. वेडंच झालंय," मोकगादी चिडून म्हणाली.

"वेडं नाही," सेलाएलो गवतातून म्हणाला. "पोट जमिनीजवळ असलं की थांबतं. पोट वर असलं की नाही थांबत."

"काय?"

"इथून पालथं पडलं ना, की गाड्यांची पोटं दिसतात. तू ताठ बसलीस तर तुला काय दिसणार? छतं!"

मोकगादी धाडकन त्याच्या शेजारी पालथी पडली. आणखी सात गाड्या गेल्या. पोरगा म्हणत होता ते शंभर टक्के खरं होतं! बुटक्या गाड्यांना गेट मान देत होतं आणि उंच गाड्यांवर धावून जात होतं.

"काय करताय?"

फुती होता. गेटातून बाहेर येऊन, खिशात हात घालून उभा. चेहरा अजून फुगलेलाच.

"तुझ्या बहिणीचं कपाळ कोणी फोडलं ते शोधतोय," मोकगादी न उठता म्हणाली. "तू काय करतोयस?"

फुतीला ते चांगलंच झोंबलं. पण तो तिथेच पाय रोवून उभा राहिला. तेवढ्यात त्याची आई, म्मा-फुती, आपल्या बुटक्या पिवळ्या गाडीतून बाहेर पडली. रेषेवर थांबली. गेट थांबलं. तिच्या मागोमाग पाण्याचे पिंप नेणारी उंच गाडी आली, आणि गेट घर्रर्र करत निघालं. फुती पांढराफटक पडला.

"परवा मिनीबसच्या वेळी असंच..." तो पुटपुटला. मग तोही गवतात पालथा पडला.

"फुती," मोकगादी अचानक म्हणाली, "तिथे करडी फरशी होती. आईने खाच कापली तेव्हा मी खडूची दोरी धरली होती. डांबराच्या काळ्या रेघा होत्या चौकोनी. त्या रेघा कुठे गेल्या?"

"त्यावर लाल विटा बसवल्या ना! आपले शेवटचे पेपर चालू होते तेव्हा. नाताळाला छान दिसावं म्हणून. रामोशाबांचा मेहुणा आहे ना मासिलो, त्याने केलं. दोन दिवसांत, सोमवारी सगळं उरकलं."

मोकगादी उठून उभी राहिली. काल ज्या विटेला लाथ मारली ती वीट! नाकासमोर होती आणि रागाच्या भरात दिसलीच नाही. स्वतःच्याच मुस्काटात मारावी असं तिला वाटलं.

ती घरापर्यंत पळतच गेली. आईने सगळं ऐकून घेतलं, दोनदा विचारलं आणि मान हलवली.

"नुसत्या विटांनी नाही होणार एवढं. वीट म्हणजे चार बोटं जाडी. तेवढी सवड मी कायम राखते. विटांखाली आणखी काहीतरी आहे. मला वाटतं लोखंड आहे. तारेवर लोखंड पांघरलं की ती आधीच अर्धी झाकली जाते. मग जवळचं पोट जेमतेम कळतं आणि लांबचं कळतच नाही."

"मग चल! सांग त्यांना!"

"वाटणं म्हणजे पुरावा नव्हे, मोकगादी." आईने कपाटातून एक फाइल काढली. तिची ही पद्धतच होती. प्रत्येक गेटच्या मोटारीच्या झाकणात आतून ती एक कार्ड चिकटवायची. तार किती खोल, किती वेढे, कुठली तारीख, सगळं त्यावर. शेवटची ओळ तिच्या हाताची: 'तारेवर लोखंड घालू नये. काही बांधायचे असल्यास आधी मला विचारावे.' त्याखाली मालकाची सही. दुसरी प्रत या फाइलमध्ये. मोरुला कोर्टच्या कार्डावर न्ताते रामोशाबांची सही होती, शेपटी काढलेली, ऐटबाज.

मोकगादीने ती सही पाहिली आणि दातओठ खाल्ले. "म्हणजे यांना माहीत होतं! आणि निकृष्ट आपण!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

शुक्रवारी सोळा डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी. रामोशाबांच्या अंगणात अख्ख्या वसाहतीसाठी ब्राय होता, म्हणजे निखाऱ्यांवर मांस आणि सॉसेज भाजायचा दणदणीत बेत. आत काही कानावर पडतंय का बघायला फुतीने सेलाएलोचा हात धरला आणि त्याला सरळ गेटाकडे नेलं.

न्ताते मालेसेलांनी काचेवरच्या कागदाकडे पाहिलं, मग सेलाएलोकडे. "मला तर एक भुकेलं पोर दिसतंय," ते म्हणाले. "भुकेल्याला अडवा असं यात कुठे लिहिलंय? जा!"

मोकगादी रस्त्यापलीकडे येरझाऱ्या घालत राहिली. धुराचा, मसाल्याचा वास येत होता. एकीकडे भूक आणि दुसरीकडे राग! मागविन्यावाल्या आजीने न मागता तिच्या हातावर एक मागविन्या ठेवली. "रागाने पोट भरत नाही गं," आजी म्हणाली.

अर्ध्या तासाने सेलाएलो परत आला. तोंडाला काजळी आणि चेहरा पडलेला.

"काय झालं? ओळखलं का तुला?"

"माझं सॉसेज पडलं! निखाऱ्यात! अख्खं! अगं, त्यांची जाळीच मूर्खासारखी आहे. एकेक भोक माझ्या मुठीएवढं! कुठला शहाणा असल्या जाळीवर सॉसेज भाजतो? दोन तर रामोशाबांचीच पडली!"

"मुठीएवढं भोक?" मोकगादीने त्याचे खांदे धरले. "जाड सळ्यांची? चौकोनी?"

"हो. काँक्रीटमध्ये घालतात ना, तसली."

सेलाएलोने डोळे मोठे केले. "आई गं!"

तेवढ्यात फुती धावत आला. त्याचा श्वास फुलला होता. "ऐका! मी मासिलोकाकांना विचारलं. म्हटलं, काका, जाळी काय दणकट आहे हो तुमची! कुठून आणली? तर छाती फुगवून म्हणाले, 'अरे, गेटाखाली हिचंच अख्खं पान अंथरलंय. हा उरलेला तुकडा. आता हत्ती आला तरी वीट खचणार नाही!' आणि न्ताते रामोशाबांनी त्यांना कोपर मारलं. मी पाहिलं! माझ्या डोळ्यांनी पाहिलं, मोकगादी!"

फुतीच्या मुठी आवळल्या होत्या. बोलता बोलता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्यांना ठाऊक आहे. तेबात्सोला बघायला आले होते ते. चॉकलेट घेऊन! आणि आईला म्हणाले, त्या बाईला मी सोडणार नाही."

मोकगादीला फुतीवरचा राग अजून पुरता गेला नव्हता. पण आता दुसरा राग एवढा मोठा झाला होता की पहिल्याला जागाच उरली नाही.

"उद्या दहा वाजता," ती म्हणाली. "तुझ्या आईची पिवळी गाडी लागेल. आणि ती जाळी लागेल. आणता येईल?"

"काळी, तेलकट, सॉसेज चिकटलेली," फुती म्हणाला. "आणतोच!"

शनिवारी सभा गेटाशेजारच्या हिरवळीवर भरली. खुर्च्यांवर पंचवीस-तीस माणसं. झाडांना रंगीत पताका लावलेल्या, कारण अकरा वाजता पाळणाघराची मुलं नाताळाच्या खाऊला येणार होती. येणार होती कशातून? त्याच मिनीबसमधून! आणि गेट तसंच चालू ठेवलेलं!

गेटबाहेर, फुटपाथवर, म्मा-मोकगादी फाइल घेऊन उभी होती. तिच्या शेजारी मोकगादी आणि सेलाएलो.

न्ताते रामोशाबांनी घसा खाकरला. "मित्रहो, ही तार मेलेली आहे. स्वस्त माल, कच्चं काम. एका निष्पाप बालिकेला..."

"तार मेलेली असेल तर गेट प्रत्येक गाडीवर धावलं पाहिजे!"

सगळ्यांच्या माना वळल्या. मोकगादीचा आवाज रस्त्यापलीकडे आजीपर्यंत पोहोचला होता.

"ही कोण?" रामोशाबांनी विचारलं.

"मी मोकगादी. तुम्ही काचेवर माझं नाव लिहिलंय. जाड अक्षरात! म्मा-फुती, तुमची गाडी रेषेवर आणता का?"

म्मा-फुतीला फुतीने रात्रीच सगळं सांगितलं होतं. ती कुणाला न विचारता उठली. पिवळी गाडी रेषेवर येऊन थांबली. "मोजा!" मोकगादी म्हणाली. आधी सेलाएलो मोजू लागला, मग दोन-चार मुलं, मग मोठी माणसंही. पंधरा. वीस. पंचवीस. गेट हललं नाही.

"मेलेली तार!" मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"योगायोग!" रामोशाबा म्हणाले.

"बरं. मग आता तुमची उभी करा. ती नवी, उंच, चकचकीत पिकअप."

न्ताते रामोशाबांचा हात आपसूक खिशातल्या किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला. "माझी? कशाला? रंगाला ओरखडा पडला तर? काल-परवा तर घेतलीय!"

त्यांच्या तोंडून काय निसटलं, ते एव्हाना त्यांनाही कळलं होतं.

"म्हणजे तुम्हाला माहितीये गेट तुमच्या गाडीवर येणार," मोकगादी म्हणाली. "गाडीच्या रंगाची काळजी आहे. आणि अकरा वाजता सोळा मुलं येतायत त्या बसमधून! त्यांना ओरखडा पडला तर?"

"ए पोरी, तोंड सांभाळ!"

"तिचं तोंड ठीक आहे," म्मा-फुती गाडीतून उतरत म्हणाली. "तुम्ही उत्तर द्या."

तेवढ्यात फुती आणि दोन मुलं ती जाळी घेऊन आली. काळी, तेलकट, एका कोपऱ्यात सॉसेजचा जळका तुकडा. फुतीने ती धाडकन खुर्च्यांपुढे टाकली.

"हीच विटांखाली आहे," तो म्हणाला. "अख्खं पान! मासिलोकाका, हत्ती आला तरी खचणार नाही म्हणालात ना?"

मासिलो मागच्या खुर्चीत अंग चोरून बसला होता. सगळे बघायला लागल्यावर उठला. "घातलीय मी," तो म्हणाला. "वीट खचू नये म्हणून घालतातच. फरशीवर काळ्या रेघा दिसल्या होत्या. भावजींना विचारलं, या कसल्या? ते म्हणाले, झाक, वाईट दिसतात. मला काय ठाऊक खाली तार आहे!"

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" रामोशाबा ओरडले. "मला तरी कोणी सांगितलं होतं का, की लोखंड चालत नाही?"

न्ताते मालेसेला इतका वेळ आपल्या खोलीच्या दारात उभे होते. ते काही न बोलता मोटारीपाशी गेले. वीज गेली की गेट हाताने ढकलावं लागतं, म्हणून झाकणाची किल्ली त्यांच्याकडे असायची. त्यांनी झाकण उघडून उलटं धरलं आणि आतल्या कार्डाची शेवटची ओळ मोठ्याने वाचली. मग शेपटीवाली सही सगळ्यांना दाखवली. "गेले चार दिवस मी या गेटामागे धावतोय, न्ताते," ते म्हणाले. "माझं वय एकसष्ट आहे."

मासिलोनेच पहार आणली. रेषेवरच्या तीन विटा उपटल्या. खाली राखाडी वाळूत जाड सळ्यांचे चौकोन, तस्सेच, मुठीएवढे. सेलाएलोने मूठ घालून दाखवली.

"मी... जरा विसरलो होतो," न्ताते रामोशाबा म्हणाले. "कामाच्या व्यापात..."

तेव्हा म्मा-मोकगादी बोलली. चार दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला.

"विसरलात? मी तीनदा फोन केला! तीनदा म्हटलं, मला बघू द्या, तोवर गेट उघडं बांधा. तेव्हा आठवलं नाही? मुलीचं रक्त पुसलं तेव्हा आठवलं नाही? कागद लिहिताना, माझ्या पोरीचं नाव लिहिताना हात नाही अडखळला? तारेचं जाऊ द्या. तार मुकी आहे. तुम्हाला तर तोंड होतं!"

रामोशाबांनी मान खाली घातली.

"न्ताते मालेसेला," आई म्हणाली, "गेट पूर्ण उघडा आणि साखळीने बांधा. अकराला बस येईल. मासिलो, बस गेली की तू आणि मी विटा काढायच्या."

"हो, म्मा-मोकगादी," मासिलो म्हणाला.

रामोशाबा खोलीकडे गेले आणि काचेवरचा कागद फाडायला हात घातला.

"थांबा!" मोकगादी म्हणाली. "फाडून काय उपयोग? सगळ्यांनी वाचलाय तो. त्याच जागी दुसरा लावा. तेवढ्याच जाड अक्षरात. आणि तुमच्या हाताने!"

एक क्षण वाटलं, ते आता भडकणार. पण खुर्च्यांवरची पंचवीस माणसं त्यांच्याकडे बघत होती, आणि म्मा-फुतीने पेन पुढे केलं होतं. त्यांनी लिहिलं: 'म्मा-मोकगादी यांची तार बरोबर होती. चूक माझी होती. – रामोशाबा.' सही या वेळी बिनशेपटीची होती.

"या बाईला हिच्या मुलीच्या नावाने हाक मारतात," पहिल्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ टाळी वाजवत म्हणाले, "ते काही उगीच नाही! आणि तो धाकटा? त्याला कोणीतरी सॉसेज द्या रे! न पडणारं!"

पत्र कुणालाच गेलं नाही. उलट समोरच्या वसाहतीच्या अध्यक्षांनी रविवारी म्मा-मोकगादीला बोलावून आपल्या विटांखाली काय आहे ते तपासून घेतलं.

रविवारी दुपारी मासिलोने वाकून वाकून जाळी काढली. डांबर उकरलं तर आईच्या तारेला खरचटलंही नव्हतं. डांबर भरून विटा पुन्हा बसवल्या, या वेळी जाळीविना. आईने नवं कार्ड काढलं आणि पेन मोकगादीच्या हातात दिलं. शेवटची ओळ या वेळी तिने लिहिली. 'तारेवर लोखंड घालू नये' हे शब्द तिने इतके दाबून लिहिले की अक्षरं कार्डाच्या मागूनही उमटली.

सोमवारी पाळणाघराची मिनीबस आली आणि ठरल्याप्रमाणे बरोबर रेषेवर थांबली. आतून तेबात्सो काचेला नाक लावून बघत होती, कपाळावर पांढरी पट्टी. आधी आईने आपली पिकअप उभी करून दहा वेळा तपासलं होतं. तरी फुती बसच्या बाजूला हात आडवे धरून उभा राहिलाच.

मोकगादी मोजत होती. तेरा. चौदा. पंधरा. सोळा. वीस. तीस. गेट ढिम्म उभं होतं. साठपर्यंत मोजून मगच ती थांबली आणि बस आत गेली.

न्ताते मालेसेला आपल्या खुर्चीत पाय लांब करून बसले होते. चार दिवस धावल्यानंतर आता गेट चालू असूनही त्यांना धावावं लागलं नाही.

फुती गेटच्या आत उभा होता. त्याने पायाने एक वीट उगाच घासली. "आत ये ना," तो म्हणाला. "पोहायला."

मोकगादी बाहेरच उभी राहिली. खांद्यावर टॉवेल, हाताची घडी. "आधी सॉरी म्हण."

"सॉरी."

"मला नाही. तारेला."

फुतीने तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. मग तो खरोखरच गुडघ्यांवर बसला, लाल विटांपाशी तोंड नेलं आणि म्हणाला, "सॉरी, म्मा-मोकगादीची तार."

"आता ठीक आहे," मोकगादी म्हणाली आणि रेषा ओलांडून आत गेली. सेलाएलो तिच्या आधीच तलावात पोहोचला होता.